फेरफार नोंदीपासून गिटपर्यंत

सातबारा पाहिलेल्या माणसाला गिट, म्हणजे फाइलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, समजायला वेळ लागत नाही. जमीन आज कोणाच्या नावे आहे ते सातबाऱ्यावर दिसतं. तशी कशी झाली, हे फेरफार क्रमांक धरून गाव नमुना 6 मध्ये शोधावं लागतं. नाशिकला कॉलेज रोडवर आमच्याकडे निफाड-दिंडोरीची मुलं डेटाचं काम शिकायला येतात, त्यांना मी हेच सांगतो. खाडाखोड नाही, नवी नोंद. (गिटमध्ये इतिहास खोडताही येतो. ते शिकवायची मी घाई करत नाही.)

संगणकात ही नोंदवही 1972 मध्ये आली, बेल लॅब्जमधल्या मार्क रॉचकाइंड यांच्या एससीसीएस या प्रोग्राममुळे. दहा वर्षांनी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस ही तशीच प्रणाली केली. तिच्यात ताजी प्रत अख्खी आणि मागे जायला फक्त फरक. सातबारा आणि फेरफारच की! अडचण कुलपाची होती. एकाने फाइल घेतली की दुसऱ्याने वाट बघायची. पुढच्या सीव्हीएस आणि सबव्हर्जन या प्रणालींनी ते कुलूप सैल केलं, पण मूळ दप्तर एकाच सर्व्हरवर राहिलं. 2005 मध्ये लिनक्सवाल्यांची बिटकीपर या अशाच नोंदवहीची फुकट सोय बंद झाली आणि लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट उभं केलं. आता अख्खं दप्तर प्रत्येकाच्या संगणकावर.

हे सगळं प्रोग्रामरांनी स्वतःसाठी केलेलं. आकडेवारीवाले एक्सेलमध्येच रमले होते. 2010 मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्जावरचा निबंध गाजला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून उघडली, तर सरासरीचं सूत्र ओळ 49 ऐवजी 44 वरच थांबलेलं. पाच देश बाहेर. निबंधावरचा आक्षेप तेवढाच नव्हता, पण सेलच्या पोटातलं सूत्र कोणाच्या नजरेला पडत नाही, हे त्यातून दिसलं.

आमचंच सांगतो. लासलगावच्या कांदा भावाची आम्ही काढलेली मासिक सरासरी एकदा अचानक घसरली. सरासरी काढणाऱ्या स्क्रिप्टच्या (छोट्या प्रोग्रामच्या) गिटमधल्या जुन्या नोंदी उलगडल्या (काढलेली ओळ लाल दिसते, घातलेली हिरवी), तर लाल रंगात एक ओळ: आवक शून्याहून जास्त असेल तेच दिवस घ्या. तिच्याखाली हिरवं काहीच नाही. कोणीतरी आवराआवर करताना ती काढली होती, आणि बाजार बंद असलेले दिवस शून्य रुपये भावाने सरासरीत शिरले होते. दहा मिनिटांत उलगडा झाला. नुसत्या शीटवर आठवडा गेला असता.

डेटाशी मात्र गिटचं पुरतं जमत नाही. गिटची दप्तरं ऑनलाइन ठेवायची जागा म्हणजे गिटहब, ते 100 एमबीच्या वरची फाइल घेतच नाही. म्हणून मोठ्या फाइली सांभाळायला 2015 मध्ये गिट एलएफएस आलं, पुढे डीव्हीसी. ज्युपिटर नोटबुकचा (कोड आणि त्याचं आउटपुट एकाच फाइलीत ठेवणाऱ्या वहीचा) त्रास वेगळा: आलेख पुन्हा काढला तरी फरकात शेकडो निरर्थक अक्षरं ओतली जातात. आम्ही आउटपुट पुसूनच नोंद करतो, आणि कच्च्या भावांच्या फाइलला कोणी हात लावत नाही. दुरुस्ती हवी असेल, तर ती स्क्रिप्टमध्ये ओळ लिहूनच.