नाशिकचा वाइन-द्राक्ष हंगाम

नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या पूर्व उताराला, दिंडोरी, गंगापूर धरणाचा परिसर आणि इगतपुरी या पट्ट्यात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. थंडीत रात्री चांगल्याच गार होतात आणि द्राक्षातला आंबटपणा टिकतो तो या गारव्यामुळेच.

युरोपात तोडणी उन्हाळा सरताना, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. तिथे घड पिकत जातात तसा गारवा वाढतो. नाशकात उलट. संक्रांतीनंतर ऊन चढत जाते, साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. त्यामुळे कुठला प्लॉट कधी तोडायचा, हा हंगामातला सर्वांत अवघड निर्णय. चार दिवस उशीर झाला तरी पांढरी वाइन बेचव होऊ शकते.

या हंगामाची वेळ ठरते छाटणीवर. इथल्या उबदार हवेत वेल थंड देशांतल्यासारखी गाढ झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून पीक एकदाच घेतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यानंतर काडी, म्हणजे पुढे घड धरणारी फांदी, तयार होते. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी होते. तिला गोडी छाटणी असेही म्हणतात. तिथून चार-पाच महिन्यांत घड तोडणीला येतो.

खाण्याच्या द्राक्षाची सवय असलेल्याला हे घड पाहून नवल वाटते. मणी बारीक, जाड सालीचे, बियांचे. थॉमसन या खाण्याच्या बिनबियांच्या जातीचे मणी फुगवण्यासाठी घड संजीवकाच्या, म्हणजे वाढ घडवणाऱ्या रसायनाच्या, द्रावणात बुडवतात. इथे फुगवलेला मणी नकोच असतो, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. तोडणी जवळ आली की बागेत रोज फेरी होते. मणी चिरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजायच्या उपकरणाच्या काचेवर ठेवतात आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, वाचतात. शेनिन ब्लाँ, सोव्हिनियों ब्लाँ यांसारख्या पांढऱ्या जाती आधी निघतात, शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिनियों मागाहून. फेसाळ वाइनची द्राक्षे तर साखर कमी असतानाच तोडतात. पण नुसत्या आकड्यावर जाणते लोक विसंबत नाहीत. ते बी दाताखाली फोडून बघतात: हिरवी असेल तर थांबायचे, तपकिरी होऊन कुरकुरीत वाजली तर क्रेट मागवायचे.

तोडणी पहाटे, ऊन तापण्याआधी, कात्रीने हातानेच होते. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतून आलेली मजूर कुटुंबे हे काम करतात. सडका किंवा भुरी (बुरशीचा रोग) लागलेला भाग ती वेलीजवळच कापून टाकतात. ही निवड जितकी काटेकोर, तितकी वाइन स्वच्छ. या हातांच्या कौशल्याची नोंद बाटलीवर कुठेच नसते, ती असायला हवी.

क्रेट वायनरीत आले की यंत्रात देठ वेगळे होतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच दाबून काढून थंड टाक्यांत आंबवतात. लाल वाइनचा रस सालींसकट आंबतो आणि वर तरंगणारा सालींचा थर वरचेवर भिजवावा लागतो. उरलेला चोथा बहुधा खत होऊन बागेत परत जातो.

अवकाळी पाऊस आणि गारपीट ही या काळातली मोठी धास्ती. फेब्रुवारी-मार्चमधल्या एका सरीनेही पिकलेले मणी तडकतात आणि कुजू लागतात.