उजेड कमी होणं वेगळं, उजेडाचा रंग बदलणं वेगळं

वरुड-मोर्शीकडे संत्र्याची रंगावरून प्रतवारी करायला कॅमेरा लावला, की तो उन्हात नीट चालतो आणि निळ्या ताडपत्रीखाली पिकलं फळ हिरवट ठरवतो. त्यावर ठरलेला सल्ला येतो: 'आरजीबी सोडा, एचएसव्ही घ्या, उजेडाचा प्रश्नच मिटतो.' आरजीबी म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत मांडणं; एचएसव्ही म्हणजे तोच रंग दुसऱ्या तीन आकड्यांत. पण प्रश्न अर्धाच मिटतो.

एचएसव्हीत एच म्हणजे छटा (रंग कोणता ते), एस रंगाची तीव्रता, व्ही उजळपणा. ओपनसीव्ही या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये एच ० ते १७९ असतो आणि लाल रंग दोन्ही टोकांना सापडतो, म्हणून भिवापुरी मिरचीला एचचे दोन पट्टे (इथपासून इथपर्यंत अशा मर्यादा) लावावे लागतात. एवढं पुरे.

आता गफलत कुठे होते ते पाहा. उन्हातल्या पिकल्या संत्र्याचा एक ठिपका घ्या: लाल २२०, हिरवा १२०, निळा ४०. एच येतो १३. ढग आला, तिन्ही आकडे निम्मे झाले: ११०, ६०, २०. एच तरीही १३. इथे एचएसव्ही खरंच कामाचं.

ताडपत्री मात्र तिन्ही आकडे सारखे कमी करत नाही. समजा लाल निम्मा झाला, हिरवा ०.८ पट, निळा १.२ पट. ठिपका होतो ११०, ९६, ४८ आणि एच थेट २३. उन्हात १५०, १४०, ५० असलेल्या, नुकताच रंग धरू लागलेल्या फळाचा एच २७ असतो. म्हणजे पिकलं फळ त्याच्याच शेजारी जाऊन बसलं. पट्टा रुंद केलात तर दोन्ही एकाच क्रेटमध्ये.

याला इलाज व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाची झाक आकड्यांतून काढून टाकण्याचा. फळाजवळ राखाडी कार्ड ठेवा; त्याचे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. त्यावर ९०, १४४, २१६ दिसले, तर लाल १.६ ने आणि निळा ०.६७ ने गुणा, हिरवा तसाच. ११०, ९६, ४८ चे १७६, ९६, ३२ होतात आणि एच पुन्हा १३. झेरॉक्सचा कागद कार्ड म्हणून वापरू नका. त्यातली चमक आणणारी रसायनं उन्हात निळसर झाक मारतात.

कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स आधी बंद करा. चौकटभर संत्री दिसली की तो फळांचा केशरी रंगच उजेडाचा समजतो आणि चित्रात निळा ओततो. एक्स्पोजरही (कॅमेरा किती उजेड घेतो ते) बांधून टाका, आणि लाल २५५ ला, म्हणजे आकड्याच्या कमाल मर्यादेला, टेकू देऊ नका: तेच संत्रं दीडपट उजळ केलं की लाल २५५ वर अडकतो, हिरवा १८० होतो, निळा ६०, आणि एच १३ चा १८.

सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली निळा फारच थोडा असतो. तिथे कितीही गुणा, फक्त दाणेदार खरखर वाढते. दिवाच बदला.