विद्यापीठे खुल्या संशोधनाकडे का वळली?

शोधनिबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाला नियतकालिकाकडून मानधन मिळत नाही आणि तो तपासणाऱ्या समीक्षकालाही सहसा मिळत नाही. दोघांचा पगार बहुतेक वेळा विद्यापीठ देते, आणि तोच निबंध वाचायला मिळावा म्हणून त्याच विद्यापीठाचे ग्रंथालय प्रकाशकाला वर्गणी भरते. छापील अंकांच्या काळात हा व्यवहार निमूट चालला. पण १९८० नंतर वर्गण्या महागाईला मागे टाकून वाढू लागल्या आणि कोणते नियतकालिक बंद करायचे, हा प्रश्न ग्रंथपालांपुढे दरवर्षी उभा राहू लागला.

१९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉस येथे भौतिकशास्त्राचे निबंध सर्वांना खुले करणारी सेवा सुरू केली, तेव्हा वितरणासाठी प्रकाशक लागतोच असे नाही, हे दिसून आले. फेब्रुवारी २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने संशोधन कुणालाही विनामूल्य वाचता यावे या विचाराला ‘ओपन अ‍ॅक्सेस’ हे नाव दिले. मात्र जाहीरनाम्याने विद्यापीठ हलत नाही. त्याला नियम लागतो: प्राध्यापकाने आपला निबंध विद्यापीठाच्या भांडारात, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, जमा केलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने २००४ मध्ये तो संपूर्ण विद्यापीठाला लागू केला. २००८ मध्ये हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेतील प्राध्यापकांनी निबंध खुले ठेवण्याचा अधिकार एकमताने विद्यापीठाला दिला, तरी २०१२ मध्ये त्याच श्रीमंत विद्यापीठाला कबूल करावे लागले की वर्षाला सुमारे ३७.५ लाख डॉलरचा नियतकालिकांचा खर्च आता पेलवत नाही.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत बोलके वाटते ते बेल्जियममधील लिएज विद्यापीठ. आपल्याकडे नेमके काय प्रकाशित होते, हे विद्यापीठाला ठाऊक असलेच पाहिजे, असा तेव्हाचे रेक्टर (विद्यापीठप्रमुख) बर्नार रॉन्तिए यांचा आग्रह होता. ‘ऑर्बी’ हे भांडार नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाले, आणि नियम साधा ठेवला गेला: पदोन्नतीच्या वेळी जमेस धरली जातील ती याच भांडारात नोंदलेली प्रकाशने. निबंध स्वीकारला गेला की लेखक आपली अंतिम प्रत तेथे चढवतो. प्रत खुली करण्यापूर्वी थांबण्याची प्रकाशकाने घातलेली मुदत संपेपर्यंत ती बंद राहिली, तरी वाचक एक बटण दाबून लेखकाकडे प्रत मागू शकतो. तत्त्व पटलेले प्राध्यापक इतरत्रही होतेच, पण निबंध जमा करायला सवड काढली गेली ती पदोन्नतीशी त्याची सांगड घातल्यावर.

अनुदान देणाऱ्यांचा रेटा याच सुमारास वाढला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ मध्ये खुली प्रत सक्तीची केली, तर भारतात जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान व तंत्रज्ञान या विभागांनी २०१४ मध्ये तसेच धोरण आणले.

भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच भांडार उघडले होते आणि राउरकेलाच्या एनआयटीने २००६ मध्ये निबंध जमा करण्याची सक्ती लागू केली. प्रबंधांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली, म्हणून ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे ऑनलाइन भांडार भरले आणि एरवी विभागाच्या कपाटात पडून राहिले असते असे मराठीचे प्रबंधही आज तालुक्याच्या गावातून वाचता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेची वाट वेगळी आहे: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये प्रकाशकांना देऊन सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना वाचायला मिळतात. संस्थेबाहेरचा अभ्यासक आणि खासगी महाविद्यालय मात्र पहिल्या टप्प्यात बाहेरच राहिले आहेत.