‘ओळखलंस का?’ असं विचारू नका

कॉलेज सुटल्यावर तीस वर्षांनी एका वर्गमित्राचा अनोळखी नंबरवरून फोन येतो आणि पलीकडचा उत्साही आवाज विचारतो, “ओळखलंस का?” मग एक अवघडलेली शांतता. दोन-तीन चुकीची नावं घेऊन होतात. शेवटी पलीकडचा हिरमुसून स्वतःचं नाव सांगतो. फोन ठेवल्यावर एकाला वाटतं, हा आपल्याला विसरला. दुसऱ्याला वाटतं, आपली स्मरणशक्ती गेली. खरं तर दोघांचंही काही बिघडलेलं नसतं. प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

शाळेतली प्रश्नपत्रिका आठवा. ‘रिकाम्या जागा भरा’ला जो मुलगा अडखळायचा, तोच ‘जोड्या लावा’मध्ये पैकीच्या पैकी गुण घ्यायचा. माहिती तीच, पण एका प्रश्नात उत्तर स्वतः शोधून आणायचं आणि दुसऱ्यात समोर असलेलं ओळखायचं. मेंदूच्या दृष्टीने ही दोन निराळी कामं आहेत.

वर्गमित्रांच्या बाबतीत हा फरक किती मोठा असतो, हे मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली दाखवून दिलं. शाळा सोडून काही महिने ते जवळपास पन्नास वर्षं झालेल्या 392 जणांना त्यांनी तपासलं. शाळेच्या वार्षिकांकात छापलेले विद्यार्थ्यांचे फोटो आणि नावं हीच प्रश्नपत्रिका. अनोळखी फोटोंमधून वर्गमित्राचा फोटो निवडण्यात लोक सुमारे 35 वर्षांनंतरही 90 टक्क्यांच्या आसपास बरोबर होते. फोटो पाहून नाव सांगायला सांगितलं तेव्हा मात्र कामगिरी वर्षागणिक घसरत गेली. काहीच न दाखवता ‘वर्गातली नावं लिहा’ म्हटल्यावर तर नुकत्याच बाहेर पडलेल्यांनाही वर्गाचा लहानसाच भाग आठवला. ही माणसं शाळासोबती होती, पण तीन-चार वर्षं रोज एकत्र काढलेल्या कॉलेजच्या वर्गाला हाच नियम लागू न पडण्याचं काही कारण दिसत नाही.

मग नावच का निसटतं? इथली यंत्रणा फार सुंदर आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

विकी ब्रूस आणि अँड्र्यू यंग यांनी 1986 साली मांडलेल्या प्रारूपानुसार ओळख टप्प्याटप्प्याने होते. आधी चेहरा ‘पाहिलेला’ वाटतो. मग ती व्यक्ती कोण, हे उलगडतं: प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावर असायची, गाणं म्हणायची, हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर राहायची. नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटत नाही. 1985 सालच्या एका अभ्यासात लोकांनी चेहरे ओळखताना झालेल्या गफलतींची रोजनिशी ठेवली होती. एकूण 1008 नोंदी झाल्या. त्यांतल्या 190 वेळा माणसाबद्दल बरंच आठवत होतं, पण नाव येत नव्हतं. नाव आठवलं आणि माणूस कोण ते मात्र अजिबात ठाऊक नाही, असं एकदाही झालं नाही.

1987 सालचा आणखी एक प्रयोग मराठीत छान मांडता येतो. एका गटाला फोटो दाखवून सांगा, ‘हा माणूस सुतार आहे.’ दुसऱ्या गटाला तोच फोटो दाखवून सांगा, ‘याचं आडनाव सुतार.’ शब्द तोच, चेहराही तोच. तरी व्यवसाय जास्त लोकांच्या लक्षात राहतो आणि आडनाव कमी लोकांच्या. कारण ‘सुतार’ या व्यवसायाला करवत, रंधा, भुसा, लाकडाचा वास असे अनेक धागे जोडलेले असतात. एक तुटला तरी दुसऱ्यावरून पोचता येतं. आडनावाला मात्र काही अर्थ चिकटलेला नसतो. तिथे जायला एकच पायवाट.

डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी 1991 साली ही पायवाट आणखी बारकाईने तपासली. त्यांच्या मते शब्दाचा अर्थ एका पातळीवर असतो आणि त्याचे उच्चार खालच्या पातळीवर, अक्षराअक्षरांत विभागलेले. वरून निघालेली चेतना प्रत्येक अक्षरापर्यंत स्वतंत्रपणे पोचावी लागते. जोडणी न वापरल्याने आणि वयाने सैल होते. ‘प्र’ला पुरेशी चेतना मिळते, ‘दीप’ला मिळत नाही. म्हणून नाव ओठांवर अडकतं तेव्हा ‘प्र-वरून काहीतरी, तीन अक्षरी’ एवढं सांगता येतं. वर ‘प्रमोद’सारखं जवळचं, जास्त वापरातलं नाव पुन्हा पुन्हा पुढे येऊन वाट अडवतं. वीस वर्षं न उच्चारलेलं नाव या अपघाताला सर्वात सोपं सावज. माणूस विसरलेला नसतो, उच्चाराचं टोक सैल झालेलं असतं.

यातून दोन उपयोगी गोष्टी निघतात. एक, पहिलं अक्षर कानावर पडलं की बरेचदा संपूर्ण नाव सुटतं. म्हणून मनात क, ख, ग म्हणत जाण्याची जुनी युक्ती अगदीच वेडगळ नाही. दोन, फार वेळ डोकं खाजवू नये. 2008 सालच्या एका प्रयोगात लोकांना अडकलेल्या अवस्थेत 10 किंवा 30 सेकंद ठेवलं होतं. जास्त वेळ अडकलेले लोक दोन दिवसांनी त्याच शब्दाशी पुन्हा जास्त अडकले. मेंदू अडकण्याचाच सराव करतो म्हणायचं! दहा सेकंदांत आलं नाही तर वर्गमित्रांची यादी उघडा, नाव पाहा आणि दोन-तीनदा मोठ्याने म्हणा.

नाव उशिरा आठवणं हे म्हातारपणाचं सौम्य लक्षण आहे. जवळच्या माणसाचा चेहराच अनोळखी वाटू लागला किंवा रोजचा रस्ता चुकू लागला, तर डॉक्टरांकडे जावं. स्मरणशक्तीच्या गोळ्यांनी धडधाकट माणसाला विसरलेली नावं आठवू लागतात, याला भरवशाचा पुरावा नाही.

आणि ते ‘शंभर वर्षं आयुष्य आहे तुला, आत्ताच आठवण काढली!’ याचंही गणित करू. समजा 60 वर्गमित्र आहेत, प्रत्येकाची आठवण वर्षातून चार दिवस येते आणि प्रत्येक जण वर्षातून एकदा फोन करतो. आठवण आणि फोन एकाच दिवशी येण्याचे योग वर्षाला 60 × 4 ÷ 365, म्हणजे 0.66. दर दीड वर्षाला एक ‘चमत्कार’ नुसत्या योगायोगाने होणारच. साठ जणांच्या ग्रुपमध्ये मिळून वर्षाला चाळीस. आठवण आली आणि फोन आला नाही, असे उरलेले 239 प्रसंग कोणी सांगत बसत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. वर्ग पुन्हा जोडायला घेताना ‘कोण कोण आठवतंय?’ असं विचारून सुरुवात केली, की रिकाम्या जागांची परीक्षा सुरू होते आणि तेच दहा-बारा लोकप्रिय चेहरे सगळ्यांना आठवतात. मागच्या बाकावरचे गळतात ते गळतातच. त्याऐवजी हजेरीपटाची प्रत किंवा शेवटच्या वर्षाचा ग्रुप फोटो मिळवा. फोटोतल्या प्रत्येक डोक्याला आकडा द्या, तीच प्रत सगळ्यांना पाठवा आणि आकड्यापुढे नाव लिहायला सांगा. एकाला अडलेलं दुसऱ्याला सुटतं. दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव लिहिलं तरच पक्कं धरा, कारण जुळ्यासारखी दिसणारी एक तरी जोडी प्रत्येक वर्गात असते.

यादीत तेव्हाचं नाव, आताचं नाव, टोपणनाव, प्रॅक्टिकलची बॅच, फोन, ईमेल आणि शेवटच्या संपर्काची तारीख असे रकाने ठेवा. तेव्हाचं आणि आताचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी शोधात सापडत नाहीत त्या एकच नाव नोंदल्यामुळेच. फोन नंबर बदलतात, म्हणून ईमेल हवाच. आणि संमती विचारल्याशिवाय कोणाचा नंबर ग्रुपमध्ये टाकू नका. काही जण मुद्दाम लांब गेलेले असतात.

पहिला निरोप कसा असावा? सुरुवातीलाच पूर्ण नाव, लगेच दोघांचा एक ठोस दुवा (‘तिसऱ्या वर्षी बी बॅचला आपण एकाच टेबलावर होतो’), मग निरोपाचं कारण, आणि शेवटी ‘सवडीने कळव’. चार ओळी पुरेत. सोबत तेव्हाचा फोटो जोडला तर उत्तमच. आताचा एकटाच फोटो पाठवाल तर तीस वर्षांचा बदल ओळखण्याचं काम पुन्हा समोरच्यावरच पडतं.

हे माहीत असूनही लोक निरोप पाठवत नाहीत. लारा अॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांच्या 2024 सालच्या संशोधनात संपर्काची इच्छा होती, नंबर होता, वेळही दिला होता, तरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोकांनीच जुन्या मित्राला निरोप धाडला. आधी तीन मिनिटं नेहमीच्या मित्रांना निरोप लिहून ‘हात बसवला’, तेव्हा हे प्रमाण निम्म्यापर्यंत गेलं. तेव्हा यादीतलं पहिलं नाव ज्याच्याशी कालच बोलणं झालं त्याचं असू द्या.

सगळ्यांशी सारखाच संपर्क राहील ही अपेक्षा मात्र सोडा. 60 जणांत 1770 जोड्या होतात आणि बहुतेक जोड्या तेव्हाही बोलत नव्हत्या. ‘मेंदूला 150 माणसंच पेलतात’ हा मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा आकडा सर्रास सांगितला जातो. 2021 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी तेच गणित पुन्हा केलं, तेव्हा एका पद्धतीने उत्तर 4 ते 520 यांत कुठेही पडू शकतं असं निघालं. एवढ्या रुंद आकड्यावर वेळापत्रक बांधता येत नाही.

स्नेहमेळाव्यात बिल्ले हवेतच. साधारण 2 टक्के लोकांना चेहरे ओळखण्यातच जन्मजात अडचण असते. बिल्ल्यावर तेव्हाचा फोटो आणि तेव्हाचं नाव मोठं छापा, अक्षर किमान 2 सेंटिमीटर उंच, आताचं नाव खाली बारीक. दोरी आखूड ठेवा, म्हणजे बिल्ला छातीवर येतो आणि वाचायला नजर पोटापर्यंत न्यावी लागत नाही. आणि छपाई दोन्ही बाजूंनी करा. दोरी फिरते आणि नेमकी कोरी बाजू समोर येते.