रॅकची मापं ठरली, वजन मोकळं राहिलं

डेटा सेंटरच्या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या उभ्या चौकटीत, मिलिमीटरचाही घोळ चालत नाही. पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिमी. उंची 'यू'मध्ये मोजतात: एक यू म्हणजे ४४.४५ मिमी आणि प्रत्येक यूमध्ये खांबाला तीन भोकं. ही मापं अमेरिकेतल्या ईआयए-३१० या प्रमाणाने पक्की केली, म्हणून कोणत्याही कंपनीचा सर्व्हर कोणत्याही रॅकमध्ये बसतो. एका यूमध्ये किती किलो असावेत, यावर मात्र बंधन नाही. सर्व्हर चढवण्याचे नियम, साधनं आणि दुखापती या सगळ्यांचं मूळ या मोकळ्या राहिलेल्या बाजूत आहे.

१९ इंची चौकट आली टेलिफोन एक्स्चेंजमधून. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीने रिले आणि रिपीटर ही टेलिफोनची उपकरणं बसवण्यासाठी ती रूढ केली. दोन उभे खांब आणि त्यांना पुढच्या पट्टीने, म्हणजे 'कानां'नी, स्क्रू मारून टांगलेलं उपकरण. एकाने धरायचं, दुसऱ्याने स्क्रू मारायचे. उपकरण उथळ असायचं, म्हणून सगळा भार कानांवर आला तरी निभायचं. १९९०च्या दशकात सर्व्हर याच चौकटीत शिरले आणि खोली पाऊण मीटरच्या पुढे गेली. एवढं लांब खोकं नुसत्या कानांवर लोंबकळत ठेवता येत नाही. मग चार खांब आले, त्यांच्यामध्ये आडव्या रेल, म्हणजे सर्व्हर पेलणाऱ्या पट्ट्या, आल्या आणि रेलसोबत नवी अडचण आली: वजन हातात तोलून धरायचं आणि त्याच वेळी दोन्ही बाजू मिलिमीटरच्या अचूकतेने जुळवायच्या.

रेल मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एका प्रकारात सर्व्हरला लावलेली आतली पट्टी समोरून सरळ बाहेरच्या रेलमध्ये सरकवतात. दुसऱ्यात रेल पूर्ण बाहेर ओढून सर्व्हर वरून खाली उतरवतात: आधी मागच्या खुंट्या खाचेत, मग पुढच्या, मग कुलूप लागल्याचा 'टक्' आवाज. चुका ठरलेल्या आहेत. डावी रेल उजवीपेक्षा एक भोक वर लागते, रेलचा मागचा आकडा खांबात नीट अडकत नाही, किंवा एकाच बाजूचं कुलूप लागतं. सर्व्हर अर्धा आत गेल्यावर हे लक्षात येतं आणि तोवर दोघांचे हात त्याच्याखाली असतात. बोटं चेमटतात ती इथेच. म्हणून रिकाम्या रेल आधी हाताने खाली दाबून, ओढून, दोन्हीकडचा यू क्रमांक मोजून पाहायचा आणि मगच सर्व्हर खोक्यातून काढायचा.

वजन वाढत गेलं तसे उत्पादकांनी माणसं मोजायला सुरुवात केली. आयबीएमच्या यंत्रांवरची १८, ३२ आणि ५५ किलोची लेबलं रॅकसमोर काम करणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीची: १८ किलोपासून दोन माणसं, ३२ पासून तीन, ५५च्या वर आणखी माणसं किंवा यंत्र. यातला दोन माणसांचा टप्पा ठीक आहे. त्यापुढचा जागेवर जमणं अवघड. सर्व्हर ४४ सेंमी रुंद, समोर रॅक, आणि हात घालायला मोकळ्या फक्त दोन बाजू. तिसरा माणूस मागून ढकलू शकतो, पण वजन पेलायला त्याला धड पकड मिळत नाही.

उंचीचा हिशेब तर कुठल्याच लेबलवर नसतो. तो अमेरिकेच्या नियॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या, किती वजन उचलणं सुरक्षित हे सांगणाऱ्या समीकरणात मिळतो. १९८१ साली पहिलं आलं, १९९१ साली ते सुधारलं. सुधारित समीकरण आदर्श स्थितीत २३ किलोपासून सुरू होतं आणि प्रत्येक अडचणीमागे कपात करतं. रॅकच्या वरच्या भागाचं उदाहरण घेऊ. हात घोट्यांपासून ५० सेंमी पुढे: गुणक ०.५. हात जमिनीपासून १६५ सेंमी उंच: गुणक ०.७३. ट्रॉलीपासून एक मीटर वर उचलणं: ०.८६५. सर्व्हरला मुठी नाहीत, पकड वाईट: ०.९. गुणाकार केला की उरतात साधारण साडेसहा किलो. समीकरण एकट्याने उचलण्यासाठी आहे, जोडीने उचलण्यासाठी नाही. तरी डिस्कने भरलेला २यूचा सर्व्हर ३० ते ३५ किलोंचा असतो, हे शेजारी ठेवून पाहावं. आणखी एक गोष्ट: शेवटी नेमकं जुळवायचं असेल तर हिशेब नुसता उचलण्याच्या नव्हे, ठेवण्याच्या जागेवरूनही करावा, असं नियॉश सांगते. रेलमध्ये बसवणं म्हणजे नेमकं तेच.

ब्लेड सर्व्हरच्या, म्हणजे एकाच चौकटीत शेजारी शेजारी सरकवायच्या पातळ सर्व्हरच्या, काळात हाताने उचलण्याची मर्यादा उघडी पडली. एचपीची सी-७००० चौकट (२००६) १०यू उंच आणि पूर्ण भरल्यावर २१७ किलोंपर्यंत जायची. तेव्हा एक चांगली सवय रुजली: आधी ब्लेड, पॉवर सप्लाय, पंखे काढायचे, रिकामी चौकट चढवायची आणि भाग जागेवर परत घालायचे. साध्या सर्व्हरलाही हे लागू आहे. फक्त डिस्क काढताना प्रत्येकीवर स्लॉटचा क्रमांक लिहायचा, नाहीतर पाठ वाचते आणि रात्र जाते.

त्याआधी गोदामातले हातगिरकीचे लिफ्ट वापरात होतेच. आयबीएमच्या सूचनांमध्ये जिनी या कंपनीच्या जीएल-८ लिफ्टचं नाव येतं. त्याची क्षमता १८१ किलो. पुढे खास सर्व्हरसाठीचे लिफ्ट आले, आणि त्यांचा खरा फायदा ताकदीपेक्षा बाजूला सरकणाऱ्या फळीत आहे. दोन फरशांची, म्हणजे १.२ मीटरची गल्ली असेल आणि सर्व्हर ९० सेंमी लांब, तर त्याच्यामागे लिफ्ट उभा राहूच शकत नाही. तो रॅकला समांतर उभा करून फळी बाजूने आत सरकवावी लागते. वरून उतरवायच्या रेल असतील तर सर्व्हरखाली त्याच्याहून अरुंद ठोकळा हवा, म्हणजे दोन्हीकडच्या रेलना जागा राहते. चाकांचे ब्रेक आणि टेकू लावल्याशिवाय फळी वर न्यायची नाही. सर्व्हर उंच धरून लिफ्ट ढकलायचा नाही. रॅक जमिनीला पक्का हवा, भरणं खालून वर आणि एका वेळी एकच यंत्र बाहेर ओढलेलं.

एनव्हिडिया कंपनीच्या जीपीयू, म्हणजे एआयची जड आकडेमोड करणाऱ्या चिपांच्या, सर्व्हरांनी माणसं मोजण्याचा प्रश्नच संपवला. २०१६चा डीजीएक्स-१ ३यू आणि सुमारे ६१ किलो. २०२२चा डीजीएक्स एच-१०० ८यू, १३० किलो, आणि पॅकिंगसह १७० किलो. नवी मुंबई-पनवेल पट्ट्यात आता याच वर्गातली यंत्रं बसतात. सर्व्हर लिफ्ट नसेल तर ती गाडीतून उतरवूच नयेत. त्यापुढची एनव्हीएल-७२ रॅक तर कारखान्यातूनच जोडून येते, सुमारे १,३६० किलो. तिच्यासाठी इमारतीच्या लिफ्टची क्षमता, रॅम्पचा चढ आणि वाटेतल्या प्रत्येक फरशीचा एकेका चाकाखालचा भार आधी तपासावा लागतो. थंड हवा वर येण्यासाठीच्या जाळीच्या फरशा तेवढ्यापुरत्या बदलून भरीव लावतात आणि चाकांच्या वाटेवर भार पसरवणारे पत्रे टाकतात.