किम्बर्लीचा सिटी हॉल: पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्ली शहरातली, मार्केट स्क्वेअरवरची ही पांढरी इमारत १८९९ मध्ये उभी राहिली तेव्हा ती ‘सिटी हॉल’ नव्हतीच, कारण किम्बर्लीलाच तेव्हा सिटीचा दर्जा नव्हता. तो मिळाला १९१२ मध्ये, शेजारचं बीकन्सफील्ड सामील झाल्यावर. वास्तू तीच, बिरुद बदललं.

१८७१ च्या हिऱ्यांच्या धांदलीत खाणीभोवती तंबू आणि पत्र्यांचं गाव वसलं होतं. तिथे रोमन धाटणीचे कॉरिन्थियन खांब, त्यांच्या माथ्यावर कोरलेली पानं. उद्या गाशा गुंडाळून जाणारे आम्ही नव्हे, हे दाखवायचा तो थाट. इमारत उभी राहिली त्याच वर्षी, १८९९ च्या ऑक्टोबरात, शहराला बोअर (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या) सैन्याचा वेढा पडला, तो १२४ दिवस चालला. १९१४ मध्ये ‘बिग होल’ या हिऱ्यांच्या प्रचंड खाणीतलं खाणकामही थांबलं. खांब मात्र जागेवरच.

खरा गुंता पुढचा आहे. नगरपालिकेचा कारभार या इमारतीतून उठून ‘सिव्हिक सेंटर’मध्ये गेला, आणि ते बांधलं गेलं मलाय कॅम्पच्या जमिनीवर. नाव मलाय असलं तरी वस्ती मिश्र: मलाय, भारतीय, आफ्रिकी, ‘कलर्ड’ (मिश्रवंशीय). जमिनीची मालकी हिऱ्यांच्या कंपनीकडे होती. तिने ती १९३९ च्या सुमारास शहराला देऊन टाकली आणि पुढच्या काळात तिथली माणसं उठवून घरं जमीनदोस्त झाली. याचं खापर सरसकट १९५० च्या वर्णभेदी वस्ती कायद्यावर फोडलं जातं. त्या कायद्याने उरलेल्यांना हलवणं सोपं केलं, हे खरं. पण तारखा पाहिल्या तर निर्णय त्याच्या आधीचा दिसतो, आणि तेव्हा कारण सांगितलं गेलं ते बकाल वस्ती हटवण्याचं, शहर सुधारण्याचं. ‘सुधारणा’ हा शब्द इथे जपूनच वाचावा. जमीन दान म्हणून आली, पण देणाऱ्याच्या घरादारावर नांगर फिरला नाही.

आजची पालिका ज्या कृष्णवर्णीय लेखक-पत्रकाराच्या नावाने ओळखली जाते, तो सोल प्लाट्ये याच मलाय कॅम्पात राहायचा. १९३२ मध्ये तो वारला, म्हणजे पाडापाडी त्याने पाहिली नाही. त्याचं एंजल स्ट्रीटवरचं घर वाचलं. तिथे आता संग्रहालय आहे.