तळमजला शून्य की एक?

माझी भाची अंधेरीच्या एका कंपनीत कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिला तोंडपाठ. आता साहेबांनी ज्युलिया ही दुसरी भाषा शिकायला सांगितलंय. रविवारी लॅपटॉप घेऊन परळला आमच्या चाळीत आली आणि अर्ध्या तासात अडली. "मामा, सगळं एका घराने सरकतंय!"

सरकणारच. पायथन यादी 0 पासून मोजते, ज्युलिया 1 पासून. आमच्याकडे आधी तळमजला, मग एक जिना चढून पहिला मजला. ही झाली पायथनची पद्धत. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात, आणि ज्युलियाची मुळं तिकडचीच, एमआयटी विद्यापीठातली. पायथनचा जन्म ॲमस्टरडॅमचा. गिडो व्हान रॉसम यांनी ती 1991 मध्ये बाहेर आणली. खरं कारण काही हे नव्हे, पण लक्षात ठेवायला बरं पडतं.

पण येणारी भाषा सोडून दुसरी कशाला? पायथन लिहायला सोपी, चालायला मंद. साधी बेरीज करतानाही ती दर वेळी तपासते, की हे पूर्णांक आहेत, दशांश आहेत की अक्षरं? लाखो वेळा बेरीज असली की या चौकशीतच वेळ जातो. म्हणून आकडेमोडीच्या नमपायसारख्या लायब्ररींचं, म्हणजे तयार कोडच्या संग्रहांचं, जड काम आतून सी भाषेत लिहिलेलं असतं. गल्ल्यावर पायथन, भटारखान्यात सी. 2012 मध्ये जाहीर झालेल्या ज्युलियाच्या चार कर्त्यांना, त्यातले एक आपले विरल शहा, हीच दुहेरी भानगड नको होती. ज्युलिया एखादं फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, पहिल्यांदा चालवताना खोळंबते, कारण तेव्हा ती त्याचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करून घेते. नंतर मात्र सुसाट.

भाचीचा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणारा कोड, तरीही रेंगाळत होता. आता खोट मोजणीची नव्हती, क्रमाची होती. आकड्यांचा तक्ता म्हणजे चाळच: मजले म्हणजे ओळी, एकावर एक आलेल्या खोल्या म्हणजे स्तंभ. मेमरीत मात्र जिने नसतात, सगळ्या खोल्या एका लांबच लांब रांगेत. नमपाय सहसा मजल्यामागून मजला मांडतं, ज्युलिया स्तंभामागून स्तंभ. प्रोसेसर एका खेपेत साधारण 64 बाइट उचलतो, म्हणजे 8 बाइटचे 8 आकडे. भाची सवयीने मजल्यामजल्याने फिरत होती. तक्ता मोठा, त्यामुळे 8 पैकी एकच आकडा कामी यायचा आणि पुढच्यासाठी नवी खेप. एका पिशवीसाठी दर वेळी खाली टेम्पोपर्यंत जाणारा दूधवाला डोळ्यांसमोर आणा.

तिचे लूप होते दोन, एकात एक. तिने आतला बाहेर आणि बाहेरचा आत केला. बाकी एक अक्षरही बदललं नाही. मी चहाचं आधण ठेवून येईपर्यंत उत्तर स्क्रीनवर.

तिच्या ऑफिसातलं मुख्य काम अजून पायटॉर्च या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लायब्ररीवर, म्हणजे पायथनमध्येच चालतं. सोमवारी पुन्हा 0 पासून मोजायचं आहे.